भंगारात न दिलेला रोटर

वंदे,

रोटर मी भंगारात दिला नाही. तू निक्षून सांगितलं होतंस, आणि तुझं ते शेवटचंच सांगणं ठरलं, तरी नाही दिला. गेलेल्या माणसाचा शब्द राखावा असं सगळे म्हणतात. पण तू जिवंत असताना तुझा कुठला शब्द मी मुकाट्याने ऐकला होता, की आता ऐकावा? इतकी वर्षं भांडत आलो आपण. तू गेलीस म्हणून मी एकदम गरीब गाय होणार नाही.

तुझी तेरवी झाली. अमरावतीला तुझ्या घरासमोर मांडव टाकला होता, तुझ्या कॉलेजातले झाडून सगळे आले, तुझे विद्यार्थी पंगतीत वाढत होते. जो तो तुझ्याबद्दल चांगलं बोलत होता आणि मला एकेकाचा राग येत होता. एक प्राध्यापक म्हणाले, मॅडमचा स्वभाव फार शांत. मी घास हातात धरून त्यांच्याकडे बघतच राहिले. माझ्या वर्कशॉपच्या खिडकीची काच तू पाना फेकून फोडलीस, ती अजून तशीच आहे, तिथे पुठ्ठा लावलाय. तुझा शांतपणा त्या बिचाऱ्यांनी दुरून बघितला असावा.

पंगत उठल्यावर तुझ्या मायनं मला आत बोलावलं. ओट्याला टेकून उभी होती. आवाज अगदी खाली आणून तिने विचारलं, “शोभा, खरं सांग वं. वंदीच्या हातून काय झालं? कोनाचं नुसकान झालं का?”

मी म्हटलं, काहीच नाही झालं, माय. ती म्हणाली, “मंग थे रोज काहून म्हने, माह्यं चुकलं म्हनून?”

मी ओट्यावरचं ताट उचलून मोरीत ठेवलं. तिला वाटलं मी काहीतरी लपवते आहे. लपवायला मला माहीत तर हवं. तुझं गणित, तुझा रोटर, तुझी इतक्या वर्षांची मेहनत मुळातच चुकीची होती का, हे मलाच ठाऊक नव्हतं. आणि ज्या एका माणसाला विचारायचं, त्याच माणसाच्या तेरवीचं जेवून मी उठले होते.

अकोल्याला परतताना एसटीत माझी नणंद शेजारी होती. तिने विचारलं, तुम्ही दोघी एवढा जीव तोडून करत तरी काय होता? मी तुझंच उत्तर तिला दिलं. जहाजाचं मोठं इंजिन पाण्यातला पंखा फिरवतं. त्याच दांड्यावर जनरेटर बसवला की वेगळं डिझेल न जाळता जहाजाला वीज मिळते. पण लाटांवर इंजिनाचा वेग सारखा कमीजास्त होतो, आणि वीज मात्र एका सुरात हवी, नाहीतर दिवे, पंप, रडार सगळ्याचीच वाट लागते. तो सूर राखायचा एक जुना मार्ग म्हणजे फिरत्या रोटरमध्ये बाहेरून करंट सोडायचा, आणि त्यासाठी कार्बनचे ब्रश त्यावर घासत ठेवायचे. ब्रश झिजतात, त्यांची काळी भुकटी खाऱ्या दमट हवेत सगळीकडे चिकटते, आणि भर समुद्रात ते बदलायला कुणाला बोलावणार? तुझ्या मशीनला ब्रशच नव्हता.

मग कसं चालायचं ते, असं तिने विचारलं, आणि मी तुझ्या जावांची गोष्ट सांगितली. मशीनच्या स्थिर भागात तांब्याच्या तारेची दोन वाइंडिंग, म्हणजे दोन जावा. एकमेकींशी अबोला. पण सासूशी दोघी बोलतात, आणि सासू म्हणजे मधे फिरणारा रोटर. थोरली जहाजाला वीज देते. धाकटीला आपण बाहेरून एका कन्व्हर्टरने, म्हणजे विजेचा सूर बदलणाऱ्या पेटीने, हवं तसं बोलायला लावायचं, सासू तिचा निरोप थोरलीला पोचवते, आणि इंजिन कितीही हेलकावे खाऊ दे, थोरलीचा सूर बदलत नाही. नणंद खूप हसली. मग म्हणाली, आणि सासूने निरोपच चुकीचा पोचवला तर? मी खिडकीबाहेर तोंड केलं आणि मूर्तिजापूर जाईपर्यंत तिच्याशी बोलले नाही. आपलं सगळं दुखणं तिने एका वाक्यात सांगितलं होतं.

आठवतं तुला, अमरावतीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात आपल्या वर्गात आपण दोघीच मुली होतो. मी बाळापूरकडची, कपाशी-तुरीच्या घरातली, दोन वेण्या घालून आलेली. तू तिथलीच, फुलमळ्यातली. तुमच्या शेवंतीचे हार घेऊन तुझी माय देवळापुढे बसायची आणि तू सकाळच्या प्रॅक्टिकलला यायचीस ती बोटं पिवळी करूनच. मशीन लॅबमध्ये पहिल्या दिवशी पोरांनी मुद्दाम आपल्याला मोटार सुरू करायला पुढे ढकललं. तू स्विच टाकलास, मोटार उलटी फिरली, सगळे खिदळले. तू शांतपणे ती बंद केलीस, दोन तारा अदलाबदल केल्यास, पुन्हा स्विच टाकलास आणि मागे वळून विचारलंस, कोनाले हसाचं होतं? त्या दिवसापासून मी तुझी झाले. हे तुला कधी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तू माझ्या डोक्यावर बसली असतीस.

मी लग्न होऊन अकोल्याच्या जुन्या शहरात आले. सासऱ्यांचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं, शेतकऱ्यांचे जळालेले पंप यायचे. पुढे ते दुकान वाढून एमआयडीसीतलं वर्कशॉप झालं आणि ते मी चालवायला लागले. तू अमरावतीला शिकवत राहिलीस. लग्न केलं नाहीस. कुणी विचारलं की रोटरकडे बोट दाखवून म्हणायचीस, मला एक सासू पुरे आहे. दर शनिवारी सकाळच्या एसटीने तू यायचीस आणि संध्याकाळच्या एसटीने जायचीस, आणि मधला दिवस आपण त्या पत्र्याच्या शेडमध्ये एकमेकींचं डोकं खायचो. माझ्या आठवड्याला तेवढा एकच दिवस होता, बाकीचे नुसते यायचे आणि जायचे. हेही मला आता कळतंय, शनिवार रिकामा पडल्यावर.

किनाऱ्यावरच्या त्या लहानशा जहाज बांधणाऱ्या कंपनीच्या साहेबांनी तुझा एक लेख वाचून फोन केला, तेव्हा अकोला ऐकून ते अडखळलेच. समुद्र कुठे आणि तुम्ही कुठे, म्हणाले. तू त्यांना सांगितलंस की जहाजाची इंजिन रूम आणि अकोल्याचा मे महिना यांत काही फरक नाही, जे मशीन इथे टिकेल ते कुठेही टिकेल. त्यांनी आपल्याला जहाज बघायला बोलावलं. जहाज धक्क्याला बांधलेलं, जागचं हलत नव्हतं, तरी तुला मळमळायला लागलं. एका हाताने कठडा आणि एका हाताने मला धरून तू इंजिन रूममध्ये उतरलीस. तिथल्या इंजिनिअरने जुन्या जनरेटरचं झाकण काढून दाखवलं. आत चुलीतल्यासारखी काजळी. त्या भुकटीतून एकदा ठिणगी उडाली होती आणि ऐन वादळात सगळं जहाज अंधारात गेलं होतं. त्याची बायको तेव्हा दिवस भरलेली होती, आणि आता आपण पोराचं तोंड बघत नाही असं त्याला वाटलं होतं. तो हे हसत सांगत होता. तू हसली नाहीस. ती भुकटी बोटावर घेऊन तू माझ्या नाकाला लावलीस आणि म्हणालीस, हे काढून टाकू आपण.

आणि काढलंस. स्थिर भाग आपण दोघींनी मिळून केला, पण रोटर तुझा एकटीचा. साधा रोटर म्हणजे तांब्याच्या सळया आणि दोन्ही टोकांना कडी, आमच्या दुकानात असे ढिगाने यायचे. तुझ्या रोटरमध्ये एकात एक बसवलेली तांब्याची वेटोळी होती, आणि कुठलं वेटोळं कुणाला शिवायचं आणि कुणाला शिवायचं नाही, हे तुझ्या डोक्यात पक्कं होतं. बाबाराव मिस्त्री, जे सासऱ्यांच्या वेळेपासून आमच्याकडे आहेत आणि ज्यांच्या हाताखालून निम्म्या जिल्ह्याच्या विहिरींवरच्या मोटारी गेल्यात, ते पहिले काही शनिवार तुझ्याशी बोलेनात. असा कुठे रोटर असतो का, असं ते मला बाजूला घेऊन म्हणाले. मग तू त्यांच्या शेजारी जमिनीवर मांडी घालून बसलीस, तांबं वाकवायला लागलीस, आणि दोन-तीन शनिवारांत ते तुला ताई म्हणायला लागले. तुझ्यासाठी घरून ज्वारीची भाकर आणि ठेचा आणायला लागले, माझ्यासाठी कधी आणला नाही.

पहिल्यांदा मशीन फिरवलं तेव्हाचा तुझा चेहरा माझ्याकडे आहे, तो मी कुणाला देणार नाही. जहाजाच्या इंजिनाच्या जागी आपण एक मोठी मोटार लावली होती, तिचा वेग मुद्दाम खालीवर करत होतो, आणि मीटरचा काटा जागचा हलत नव्हता. तू टाळ्या पिटल्यास. मग वेग आणखी वाढवला, आणि एका ठरावीक वेगाच्या पुढे काटा झोके घ्यायला लागला. करंट फुगला, शेडचे पत्रे थरथरायला लागले. बंद केलं. थंड झाल्यावर सगळ्या चाचण्या केल्या, कुठेच काही नाही. पुन्हा चालवलं, हळू वेगाला गुणी बाळ, आणि त्या वेगाच्या पुढे गेलं की पुन्हा तोच तमाशा.

तिथून आपल्या भांडणाला सुरुवात झाली. मी म्हणायचे, दोष बाहेरच्या कन्व्हर्टरमध्ये आहे. तू म्हणायचीस, दोष माझ्या वेटोळ्यांमध्ये आहे, त्यांची संख्याच चुकली. दोनदा झाकणं काढून रोटर बघितला, वेटोळी जिथल्या तिथे, वरची बांधणी छान घट्ट, वार्निश चकचकीत. मी कन्व्हर्टर बदलला, काही फरक नाही. तू गणित पुन्हा मांडलंस, पुन्हा तेच आलं. तेव्हाच तो पाना उडाला. खरं सांगू, तू पाना फेकलास तोवर मला काळजी नव्हती. पुढे पुढे तू भांडायचंच सोडलंस. शनिवारी यायचीस, स्टुलावर बसायचीस, मशीनकडे बघायचीस आणि पाचची एसटी धरायचीस. बाबारावांची भाकर पिशवीत तशीच परत जायची. तू वाळत चाललीस आणि मी ते बघत होते, आणि मला काही करता येत नव्हतं.

मग तो फोन. मी जठारपेठेत भाजी घेत होते. तू काही प्रस्तावना न करता म्हणालीस, “शोभे, रोटर भंगारात दे. माह्या गणितातच खोट हाये.”

मी म्हटलं, शनिवारी ये, बोलू. तू म्हणालीस, बोलण्यासारखं काही नाही, आपण एवढी वर्षं चुकीच्या गोष्टीमागे धावलो, आणि तुला मीच धावायला लावलं. मी चिडले. भाजीवाली बघत होती, तिच्यादेखत मी तुला नाही नाही ते बोलले आणि तूही मला बोललीस. फोन आधी कुणी ठेवला, आठवत नाही. आपले फोन असेच संपायचे आणि शनिवारी तू आलीस की कुणीच ती गोष्ट काढायचं नाही, हा आपला रिवाज. या खेपेला शनिवार यायच्या आधी तू कॉलेजच्या जिन्यात बसलीस आणि उठलीच नाहीस. डॉक्टर म्हणाले, हृदय. मी म्हणते, रोटर. मनात म्हणते, कुणापुढे बोलत नाही.

तेरवीनंतर साहेबांचा फोन आला. भला माणूस आहे, आधी बराच वेळ तुझ्याबद्दलच बोलले. मग चाचरत म्हणाले, जहाज पाण्यात सोडायची वेळ जवळ आली आहे, किती दिवस थांबायचं? तुमच्याकडे चांगली मजबूत बॉडी तयार आहे, मॅडमचा रोटर काढून त्यात साधं वाइंडिंग भरा, ब्रश लावा, आम्ही घेतो. त्यात त्यांचं काय चुकलं? त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच म्हटलं असतं.

मी त्यांच्याकडे थोडी मुदत मागितली आणि तुझं गणित घेऊन बसले. तूच पाठवलेलं सगळं माझ्या कॉम्प्युटरवर आहे. अर्ध्यापर्यंत मी तुझ्या मागोमाग येते, मग तू एक उडी मारतेस आणि पलीकडे जातेस, आणि मी अलीकडेच राहते. पुन्हा मागे जाऊन येते, पुन्हा तिथेच. चूक सापडली नाही. पण चूक नाही म्हणून सापडली नाही, की मला दिसण्याइतकी अक्कल नाही म्हणून सापडली नाही? हे मी कुणाला विचारू? तुझ्या विभागात विचारलं, तर म्हणाले, या विषयात मॅडमच होत्या. वंदे, तू एवढं मोठं काम एकटीच्या डोक्यात का ठेवलंस गं? माझ्या डोक्यात घालायचा प्रयत्न केलास, माहीत आहे. मला तेव्हा वाटायचं, घाई काय आहे, तू आहेसच की.

शेवटी मी हात टेकले. बाबारावांना सांगितलं, ताईंचा रोटर मोकळा करा, साधं वाइंडिंग भरू. म्हणजे तुझ्या सांगण्यापासून मी फार लांब नव्हते. तुझी वेटोळी काढली की ते तांबं भंगारातच जाणार होतं. बाबारावांनी रोटर टेबलावर घेतला आणि टोकाशी बांधलेली काचेच्या धाग्याची पट्टी सुरीने कापायला लागले. ही पट्टी आपण दोन्ही वेळा बाहेरून बघितली होती, ठोकून बघितली होती, कापली मात्र कधी नाही, कारण तिच्यात बघण्यासारखं काही नव्हतं. मी पाठ करून उभी होते. मला ते बघवत नव्हतं.

सुरीचा आवाज थांबला. बराच वेळ झाला तरी पुन्हा सुरू होईना, तेव्हा मी वळले. पट्टीच्या खाली स्टीलच्या तारेचे वेढे होते. तुझ्या आखणीत ते नव्हते, माझ्या माहितीत नव्हते. जिथे तार वेटोळ्यांवर बसली होती तिथे मधलं वीज अडवणारं इन्सुलेशन काळं पडून फाटलं होतं आणि आतलं तांबं उघडं दिसत होतं. एका ठिकाणी नाही, गोल सगळीकडे.

“म्याच बांधली होती थे, वहिनी,” बाबाराव म्हणाले. “पान्यात जायची मशीन हाये म्हटलं, हालन, डुलन. सुटाले नको.”

विहिरीवरची मोटार ते आयुष्यभर तशीच बांधत आले. व्होल्टेजचे धक्के खाऊन वाइंडिंग सुटू नये म्हणून आधी तार, वर पट्टी. तुझ्या रोटरची बांधणी त्यांनी मधल्या वारी, आपण दोघी शेजारी नसताना केली होती. त्यात सांगण्यासारखं काय होतं? त्यांनी तुझं मशीन जास्तीचं पक्कं केलं होतं. रोटर थांबलेला असला की तार आणि तांबं वेगळं, म्हणून आपल्या चाचण्यांना काही दिसत नव्हतं. वेग वाढला की वेटोळी बाहेरच्या बाजूला रेटायची, त्या तारेला भिडायची, आणि ज्यांनी एकमेकांना शिवायचं नाही ती सगळी त्या तारेतून एक व्हायची. काटा तिथेच झोके घ्यायला लागायचा.

मला त्या म्हाताऱ्याचा गळा धरावासा वाटला. खोटं कशाला बोलू? मग त्यांच्याकडे बघितलं तर ते सुरी तशीच हातात धरून रोटरवर वाकले होते. विजेचं एवढं शास्त्र त्यांना येत नाही, पण काळं पडलेलं इन्सुलेशन कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

ते म्हणाले, “म्हंजे ताईचं बरोबर होतं.”

मी म्हटलं, बघू. अजून चालवून बघितलेलं नाही. असं म्हटलं आणि पक्कड शोधायला लागले.

आम्ही तार काढली. वेटोळ्यांना नवं इन्सुलेशन चढवलं, नुसती काचेच्या धाग्याची पट्टी बांधली, वार्निश वाळेपर्यंत कळ काढली. बाबारावांनी मला पट्टीला हात लावू दिला नाही, सगळं स्वतः केलं. मग मशीन बेंचवर चढवलं आणि मोटार सुरू केली. तो वेग जवळ आला. मी डोळे मिटून घेणार होते, पण नाही मिटले. वेग त्याच्या पुढे गेला. आणखी पुढे गेला. काटा जागचा हलला नाही. मी वेग एकदम पाडला, एकदम चढवला, लाटा येतात तसा, चिडून चिडून चढवला. काटा हलला नाही. टाळ्या कुणी पिटल्या नाहीत. मी मशीन बंद केलं आणि शेडच्या मागे जाऊन उलटी केली.

साहेब येऊन गेले. स्वतः उभं राहून सगळं चालवून बघितलं आणि खूश झाले. मशीन पुढच्या आठवड्यात ट्रकने जाईल. जाताना त्यांनी विचारलं, याच्या दुप्पट ताकदीचं दुसरं एक हवंय, कधी द्याल? मी त्यांना सांगितलं, विचार करून कळवते. काय विचार करू? हा रोटर मी बांधू शकते, असेच आणखी हवे तेवढे बांधू शकते. पण मोठ्या मशीनला वेटोळी किती घ्यायची, कशी घ्यायची, ते तुझ्या त्या उडीच्या पलीकडे आहे. कदाचित पुढेमागे कुणी शिकेल. कदाचित मीच शिकेन, या वयात. आज तरी मला काही दिसत नाही. मशीन एका सुरात चालतं, मी त्याच्यापाशी स्टूल ओढून बसते, आणि असं वाटतं की उठून कुठेतरी निघून जावं.

काल अमरावतीला गेले. तुझ्या मायला सांगायचं होतं. तिच्यापुढे जमिनीवर बसले आणि सगळं सांगितलं, जावा, सासू, तार, पट्टी. बाबारावांचं नाव घेतलं नाही. कारागिराने भल्याच्या भावनेने जास्तीचं बांधलं होतं, एवढंच म्हटलं. कुणाचं नुकसान झालं नाही, वंदीने कुणाचं काही बिघडवलं नाही, तिचं गणित पहिल्यापासून बरोबर होतं. माय, तुझ्या पोरीचं मशीन आता जहाजावर चाललं आहे. मला वाटलं होतं तिला बरं वाटेल.

ती माझ्या तोंडाकडे बघत सगळं ऐकत होती. हातातली शेवंती तिने खाली ठेवली होती.

मग ती म्हणाली, “त्या दिवशी सकाळी डबा भरून देल्ला त म्हने, भूक नाई, माय. ओट्यावर तसाच ठेवून गेली. तिले कोनी सांगतलं असतं त जेवून गेली असती वं.”

मी तिथून कशी उठले आणि बसस्टँडवर कशी आले, ते मला सांगता येणार नाही. वंदे, तू चुकली नव्हतीस गं. हे आता आम्हा सगळ्यांना कळलंय, आणि तू मात्र उपाशी गेलीस.